हेल्मेटभर अळंब्या

९ सप्टेंबर, सोमवार

पडले! दोनदा पडले आणि दोन्ही वेळा हसतच उठले. कोपर सोललंय, गुडघ्याला मुका मार बसलाय, आणि तरी वही उघडून बसलेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. असुम्ताला सांगायची सोय नाही. थोरली बहीण ती, आधी आयोडीन लावील आणि मग एकावन्नाव्या वर्षी खडीवरून सायकल चालवणाऱ्या बाईची लाज काढील.

वाट सापडली! चर्चच्या मागून निघायचं, बुचाच्या झाडांमधून चढत जायचं, आणि खिंडीत पोचलं की समोर धाडकन समुद्र. पालामोसचं बंदर, बोटी, सगळं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माती आणि खडी, डांबराचं नाव नाही. जन्म गेला या वाल्सुरात, अख्ख्या गावाचा पाव भाजला, आणि ही वाट मला ठाऊक नव्हती. ठाऊक कशी असणार? ती फेलिउच्या मालकीच्या रानातून जाते, आणि तिच्यावर त्याने आडवी साखळी लावली आहे. ‘खासगी. आत येऊ नये.’ मी आधी सायकल खालून सरकवली, मग स्वतः सरकले. पीठ मळून मळून कंबर अजून शाबूत आहे म्हणायची.

तिथून थेट बारमध्ये गेले आणि कपड्यांवरची माती न झटकता सगळ्यांसमोर जाहीर केलं, की जिल्ह्याच्या सायकल क्लबची यंदाची खडी-फेरी वाल्सुरातून निघणार! पोन्स तिथेच वर्मूत पीत बसला होता. त्याला ती फेरी त्याच्या गावातून, सांत सेब्रियातून हवी आहे. म्हणाला, “क्लबला हमरस्ता चालत नाही, ट्रक असतात. फेलिउच्या रानातून वाट मिळाली नाही तर काय, लोकांना तुझ्या भट्टीतून नेणार का?” सगळे हसले. मीही हसले, पण मला ते चांगलंच झोंबलं.

माझा नवरा बेर्नात त्या दातांच्या डॉक्टरणीबरोबर पेर्पिन्याला पळाला, त्यानंतर मी नवीन असं काहीच सुरू केलेलं नाही. होतं तेच चालू ठेवलं. भट्टी चालू, दुकान चालू, मी चालू. ही फेरी मी सुरू करणार. फेलिउने हो म्हटलं की झालंच.

१० सप्टेंबर, मंगळवार

फेलिउने नाही म्हटलं.

दुपारी दुकान बंद करून त्याच्या घरी गेले. शाळेत तो माझ्यापुढे दोन इयत्ता होता. तेव्हाही बोलायचा नाही, आता रानात एकटा राहून तर पारच विसरलाय. मी भडाभडा सगळं सांगितलं. तो झाडाच्या सालीचा गठ्ठा बांधत ऐकत होता. गठ्ठा बांधून झाला तेव्हा म्हणाला, “नाही.”

“अरे, निदान कारण तरी सांग.”

“गुरुवारी ये. विचार करून ठेवतो.”

कारणाचा विचार करायला दोन दिवस! मग त्याने अंजिरांची ताटली पुढे केली, आणि मी खात असताना माझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरली. माणूस वाईट नाही, पण डोकं म्हणजे बुचाचं खोड आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा नाही. कारण असं, की बुचासाठी यंदा साल सोललेली झाडं अजून नाजूक आहेत, सायकली घासतील. मी म्हटलं, माणसं वाटेवरून जातील, झाडांवरून नाही. म्हणाला, “तेही खरंच. पुढच्या गुरुवारी ये.”

केस कापलेत त्याने. घरात कुणाचं लग्नबिग्न असावं. मोस्का नावाची एक खोडकर कुत्री आहे, तिने माझा हातमोजा पळवला. फेलिउने माझ्या सायकलची बैठक दोन बोटं उंच केली आणि म्हणाला, “एवढे दिवस तू बदकासारखी चालवत होतीस.” म्हणजे त्याने मला चालवताना पाहिलं कुठे? मी तर साखळीखालून चोरून जात होते!

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज कारण रानडुकरांचं. मी म्हटलं, फेरी रविवारी सकाळी आहे, रानडुकरं त्या वेळी झोपलेली असतात. तो म्हणाला, “एखादं जागं असलं तर?” आणि स्वतःच हसला. फेलिउला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. दात छान आहेत. (दातांचा विषय या वहीत नको.)

दुसरं नवल असं, की आठवडाभर हा रोज माझ्याकडे पाव घ्यायला येतोय. त्याची आई होती तेव्हापासून त्या घरात स्वतःचा पाव भाजतात. विचारलं तर म्हणाला, “मोस्काला आवडतो.” माझा पाव कुत्रीला! मला इतका राग आला की उद्यापासून त्याला कालचा शिळाच द्यायचा असं ठरवलं. मग तो गेल्यावर वाटलं, कुत्रीचा काय दोष, बिचारी.

क्लबने मला हँडलवर लावायचं एक यंत्र दिलंय. बटण दाबलं की आपण जाऊ तिथली रेघ नकाशावर उमटते आणि क्लबला पोचते. पुन्हा दाबलं की बंद. ते बंद करायचं मी हमखास विसरते. परवा मी ते तसंच खिशात घेऊन घरभर फिरले. क्लबमधल्या बाईंचा फोन आला, की दुकानापासून न्हाणीघरापर्यंतचा टप्पा छान आहे, पण अंमळ छोटा वाटतो.

३० सप्टेंबर, सोमवार

आज इतकी हसलेय की बरगड्या दुखताहेत, आणि कामाचं म्हणाल तर शून्य!

फेलिउ आपणहून म्हणाला, साखळी काढणार नाही, पण दुसरी वाट दाखवतो. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून आज निघालो. बापाच्या वेळची सायकल काढली पठ्ठ्याने. लोखंडी, गियर नाही, ब्रेक असून नसल्यासारखे. मला वाटलं पहिल्याच चढाला बसेल. बसले मी! हा पुढे, मोस्का त्याच्या पुढे, आणि मी मागून धापा टाकत.

पहिली वाट एका भिंतीशी संपली. दुसरी एका दरडीपाशी. तिसरी फिरून परत पहिल्याच भिंतीशी आली. मी म्हटलं, “अरे, तुझाच डोंगर ना हा? तुला तुझ्याच डोंगरातल्या वाटा माहीत नाहीत?”

“विसरलो,” म्हणाला. अगदी शांतपणे.

जेवायला भिंतीवरच बसलो. मी टोमॅटो घासलेला पाव नेला होता, त्याने भाजलेलं सॉसेज आणि पोर्रो, म्हणजे लांब चोचीचा काचेचा चंबू, भरून वाइन. पोर्रो हात लांब करून वरून धरायचा आणि बारीक धार तोंडात घ्यायची, हे लहानपणापासून करतेय. पण हा ऐन धारेच्या वेळी म्हणाला, “रेमेई, तुझ्या हेल्मेटवर गोगलगाय आहे,” आणि सगळी वाइन माझ्या गळ्यात. गोगलगाय खरंच होती.

संध्याकाळी असुम्ता म्हणाली, “वाट मिळाली?”

“नाही गं. सगळा दिवस फुकट गेला.”

“मग गातेयस कशाला?”

मी गात होते?

६ ऑक्टोबर, रविवार

पाऊस. काल, आज, आणि उद्याही आहे म्हणे. गाव कसं चिडीचूप झालंय. प्रत्येक घरात टोपल्या निघाल्यात, सुऱ्यांना धार लागतेय, आणि कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. आठवड्याभरात अळंब्या येणार. बारमध्ये जो तो सांगतोय की यंदा आपण काही जाणार नाही बुवा, गुडघे दुखतात. सगळे खोटारडे. असुम्ताची जागा कुठे आहे ते सख्ख्या बहिणीला, मला माहीत नाही. माझी तिला माहीत नाही. आमच्या बाबांनी दोघींना वेगवेगळं बोलावून, शेवटच्या आजारात, उशाशी बसवून एकेक जागा सांगितली, आणि दुसरीला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. गावात सगळ्यांचं असंच आहे. मरणाच्या दारात उभं राहिल्याशिवाय अळंबीची जागा कुणी सांगत नाही.

क्लबला वीस तारखेपर्यंत पूर्ण वाट हवी आहे. पोन्सने त्याची दिलीसुद्धा. माझ्या नकाशात मधोमध फेलिउच्या रानाएवढं भोक आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

देवा, हे काय झालं!

सकाळी फेलिउचा निरोप आला, सायकल घेऊन ये. गेले तर साखळी खाली उतरवून ठेवलेली. “घे तुझी वाट,” म्हणाला. मी त्याला मिठीच मारली! मोस्का दोघांभोवती भुंकत गोल गोल फिरत होती. मी यंत्राचं बटण दाबलं आणि आम्ही निघालो. खिंडीच्या अलीकडे तो एकदम थांबला.

“अजून एक दाखवायचंय.”

वाट सोडून झाडीत शिरला. सायकली ढकलत ओढ्याच्या बाजूला उतरलो, पाइनची झाडं, ओली शेवाळं, आणि मग त्याने काटकीने पानं बाजूला केली.

अळंब्या. केशरी, टवटवीत, ताटलीएवढ्या. इथे, तिथे, पलीकडे, जिकडे पाहावं तिकडे! त्याने गुडघ्यावर बसून एक कापली, दांड्यातून केशरी दूध आलं, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “ही आमची जागा. बाबांनी मला दवाखान्यात सांगितली. आईलासुद्धा माहीत नव्हती.”

“आणि... आणि मला कशाला सांगतोस?”

“सांगावीशी वाटली.” आणि नजर दुसरीकडे वळवली.

टोपली नव्हती, म्हणून माझ्या हेल्मेटमध्ये भरल्या. मी वेचत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तो म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, धूळ गेली. ओल्या रानात धूळ!

बिचारा. त्रेपन्न वर्षांचा धडधाकट माणूस, आणि कुणी नाही त्याला, ना मूल ना भाऊ. म्हणून मला सांगून गेला. आता कळलं सगळं. केस कापले, पाव न्यायला लागला, घरात भाजायची ताकद राहिली नसेल, स्वतःच्या डोंगरातल्या वाटा विसरायला लागला! आणि मी बाई सायकलची फेरी घेऊन त्याच्या मागे लागले होते. खिंड गाठून घरी आले आणि डोळे पुसत क्लबला कळवून टाकलं, की आजची रेघ हीच आपली वाट. बघवत नव्हतं त्या नकाशाकडे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज डबा नेतेय. परवा कोंबडीचं सूप, काल डाळिंब सोलून, आज मऊ भात. तो सगळं खातो आणि आणखी मागतो. भूक आहे अजून, तेवढंच बरं. आज गेले तर कुऱ्हाडीने ओंडके फोडत होता. मी किंचाळले, “ठेव ती कुऱ्हाड! बस आधी!” हात धरून खुर्चीत बसवला, पायांवर गोधडी टाकली. बसला मुकाट्याने. बाहेर ऊन मरणाचं, घाम गाळत होता पण गोधडी काढली नाही. हातही सोडला नाही.

हात गरम लागला. ताप असणार.

असुम्ताला सांगितलं तर ती माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, “फेलिउ? आजारी? बरं. तू डबे नेत राहा.” आणि तोंडावर हात घेऊन आत गेली. रडू आलं असावं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

परवाच क्लबने होकार कळवला, फेरी वाल्सुरातून! गावात फटाके उडाले, पोन्सनेसुद्धा हात मिळवला. आणि आज त्याचाच फोन.

“रेमेई, वाट झकास आहे. पण खिंडीच्या आधी ओढ्यात उतरणारा तो वळसा कशाला?”

धावत जाऊन नकाशा उघडला. यंत्र बंद केलं नव्हतं! वाटेपासून ओढ्यापर्यंत आणि परत, पाइनच्या झाडांत जिथे जिथे वेचत फिरले तिथे तिथे रेघेची गुंतवळ. इथे अळंब्या वेचल्यात, हे गावातलं पोरही ओळखील. फेलिउच्या बापाने दवाखान्यात सांगितलेली जागा मी अख्ख्या जिल्ह्याच्या भिंतीवर टांगली होती.

दुकान उघडं टाकून सुटले. सायकलवरून चढ असा चढले की आयुष्यात चढले नव्हते. फेलिउ अंगणात होता. मी दारातच सुरू झाले, मी मूर्ख आहे, गाढव आहे, मरणाऱ्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं...

“कोण मरतंय?” तो म्हणाला.

“अरे, तू!”

“मी?”

“मग जागा कशाला सांगितलीस?”

तो कानापर्यंत लाल झाला, सोललेल्या खोडासारखा. मग मोस्कावर ओरडला, तिने काहीही केलेलं नसताना. मग म्हणाला, “म्हणजे ते सूप... त्यासाठी होतं?”

“मग कशासाठी?”

“काही नाही,” म्हणाला आणि उगाचच बादली उचलून इकडची तिकडे ठेवली. मला कळेना की त्याला राग कशाचा आलाय. जागेचा नाही, एवढं नक्की. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता क्लबला सांगून तो वळसा काढून टाकते. तेव्हा तो एकदम जागा झाला.

“खबरदार! काढलास तर सगळ्यांना कळेल की जागा खरी आहे. असू दे तसाच.”

मरत नाहीये! येताना उतारावर मी ब्रेक लावलेच नाहीत. ओरडत आले. सायकल गावात पोचली तरी माझं तोंड उघडंच होतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

अळंब्यांचा रविवार. आठवडाभर माझ्या जिवाला घोर, की आज सगळं गाव टोपल्या घेऊन फेलिउच्या ओढ्यात उतरणार. दुपारी बारमध्ये गेले.

सगळे ओले, चिखलाने माखलेले आणि टोपल्या रिकाम्या. पोन्स मला म्हणाला, “आम्ही काय दुधखुळे आहोत? खरी जागा कुणी नकाशावर टाकतं? तो ओढा सोडून डोंगराची बाकी सगळी बाजू पिंजून काढली आम्ही. आता सांग, त्याची खरी जागा कुठे आहे?”

“देवाशपथ, नकाशावर आहे तीच,” मी म्हटलं.

बार हसून हसून कोसळला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, फेलिउने तुला पक्की तयार केलीय. कोपऱ्यात फेलिउ बसला होता. त्याने आपला पेला माझ्याकडे बघून किंचित वर केला, आणि मला एकदम काय झालं कुणास ठाऊक, पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. सकाळपासून नुसत्या कॉफीवर होते, त्यानेच.

१० नोव्हेंबर, रविवार

झाली! झाली! झाली! अक्षर लागत नाही, पण झाली!

सकाळी त्रामुंताना, आमचा तो उत्तरेचा पिसाट वारा, सुटला होता, त्याने चौकातली कमान दोनदा पाडली. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी माणसं वाल्सुरात मी फक्त अंत्ययात्रांना पाहिलीत. साखळी उतरलेली, तिच्या खांबाला फेलिउने फिती बांधलेल्या. त्याने स्वतः! आणि इस्त्रीचा शर्ट घालून तो ओढ्याच्या वळशावर वाट दाखवायला उभा. सगळे त्या वळशाला शिव्या देत उतरले, शिव्या देत चढले. अळंब्यांकडे एकानेही पाहिलं नाही. फक्त बार्सेलोनाची एक उंच बाई घसरली आणि नेमकी सगळ्यांत मोठ्या अळंबीवर जाऊन बसली. तिला लागलं नाही. फेलिउच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यालाच लागलं. ती उठून म्हणाली, “किती मऊ जमीन आहे इथे!” तो म्हणाला, “हो. तुमच्यासाठीच केलीय.”

खिंडीत समुद्र दिसला की प्रत्येक जण ओरडत होता. मी तिथे उभी राहून प्रत्येकाचं ओरडणं ऐकलं. नंतर चौकात काटा-चमच्याने बसून खायची भरपेट न्याहारी, पांढरे घेवडे आणि सॉसेज, आणि माझा पाव. पाव संपला! पोन्स म्हणाला, “पुढच्या वर्षी पण इथूनच काढ, बाई. मला एवढी भांडी घासायला जमणार नाहीत.” मी त्याच्या गालाचा मुका घेतला.

फेलिउ मात्र न्याहारी झाल्यावर गुपचूप निघून गेला. मी हाक मारली, ती त्याने ऐकली नसावी.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुकान बंद. म्हटलं आज कुणासाठी नाही, यंत्र नाही, रेघ नाही, नुसती आपली मजेने खिंडीत जाऊन येऊ. गेले, तर साखळी! पुन्हा लावलेली. फिती काढलेल्या.

माझा पारा असा चढला! तिथूनच असुम्ताला फोन केला. “फेरी झाली नि साखळी परत! म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून याच्या दारात उभं राहायचं, पुन्हा ‘नाही’ ऐकायचं, पुन्हा गुरुवारी...”

पलीकडून नुसता हसण्याचा आवाज. इतकी हसली की तिला ठसका लागला.

“रेमेई,” ती म्हणाली, “साखळी उतरल्यावर, आणि तो मरत नाही हे कळल्यावर, तू त्याच्याकडे किती वेळा गेलीस गं?”

“कशाला जाईन? काही कामच नव्हतं.”

“हं. तेच ना.”

आणि फोन ठेवून दिला मेलीने.

मी उभी राहिले. वारा पडला होता. आणि मग एकेक करून सगळं आलं माझ्या अंगावर. केस. पाव. भिंतीशी संपणाऱ्या वाटा. गोधडी. आणि ती जागा, अगं बाई, ती जागा! आईलासुद्धा न सांगितलेली! आणि मी त्याला सूप पाजत होते! एकावन्न वर्षांची घोडी मी, रानात एकटी उभी राहून मोठमोठ्याने हसले, आणि मग थोडी रडलेसुद्धा, आणि या खेपेला धुळीचं नाव सांगायला समोर कुणी नव्हतं.

जवळ जाऊन पाहिलं. साखळीला कुलूप नव्हतं. नुसती आकड्याला अडकवलेली. पलीकडे मोस्का माझा हातमोजा तोंडात धरून बसली होती.

मी साखळी काढली. सायकल आत घेतली. आणि माझ्यामागे साखळी पुन्हा लावून टाकली.

हे त्याच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. हेल्मेटभर अळंब्या लसणावर परतल्या जाताहेत. मघापासून तिसऱ्यांदा तो विचारतोय, एवढं काय लिहितेस, वाचून दाखव की.

“नाही,” म्हटलं. “गुरुवारी विचार. विचार करून ठेवते.”